मधमाशी, गांधीलमाशी, घुला: चावल्यावर घरातलं नेमकं काय लावायचं?

कर्वेनगर_बी_विंग

नमस्कार. आमच्या सोसायटीत सुट्टीत मुलं दिवसभर खाली खेळतात. सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्यामोहोळ आहे, पार्किंगच्या पत्र्याला गांधीलमाश्यांनी घर केलंय आणि कुंपणालगत दोन शेवगे आहेत, त्यामुळे पावसाळ्यात घुलेही (केसाळ सुरवंट) पडतात. वॉचमनच्या केबिनमध्ये एक पेटी ठेवायची आणि झाकणावर ‘चावलं तर काय करायचं’ असा कागद चिकटवायचा असं ठरलंय. ग्रुपवर सुचवलेले उपाय असे: चुना, कांदा, लोखंडी किल्ली, खायचा सोडा, व्हिनेगर, हळद, लिंबू, लसूण, टूथपेस्ट, ओली माती.

यातलं खरंच उपयोगी काय, निरुपद्रवी काय आणि अपायकारक काय? ‘मधमाशीचं विष आम्ल म्हणून सोडा, गांधीलमाशीचं अल्कली म्हणून व्हिनेगर’ हे खरं का? काटा चिमटीत धरला की विषाची पिशवी पिळली जाते म्हणतात, मग तो काढायचा कशाने? आणि कोणत्या क्षणी हे सगळं सोडून दवाखाना गाठायचा? कृपया प्रमाण आणि वेळ सांगून लिहा. ‘थोडं लावा’ असं लिहिलं की जो तो आपल्या मनाने लावतो.

मधपेटी_मुळशी

कागदावरची पहिली ओळ औषधाची नको, ‘आधी तिथून हला’ ही हवी. मधमाशी डसते तेव्हा काट्यापाशी एक वास सुटतो, साधारण पिकलेल्या केळ्यासारखा. बाकीच्या माश्यांना तो वास म्हणजे ‘इथे डसा’ अशी खूणच. म्हणून मोहोळाखाली उभं राहून हात झटकत बसलं की एकीच्या दहा होतात. चिरडलेल्या माशीतूनही तोच वास येतो, तेव्हा अंगावर बसलेली माशी चापट मारून मारू नका.

आता काटा. मधमाशीच्या काट्याला उलटे दात असतात. तो कातडीत अडकतो आणि विषाच्या पिशवीसकट माशीच्या पोटातून तुटून राहतो. माशी उडून गेली तरी पिशवीचे स्नायू आपोआप हलत राहतात आणि विष आत ढकलत राहतात. बहुतेक विष पहिल्या २० ते ३० सेकंदांतच उतरतं, मिनिटभरात पिशवी रिकामी होते. म्हणून चिमटीने काढला की कार्डाने खरवडला याला महत्त्व नाही, किती लवकर काढला याला आहे. पिशवी पिळली जाते हा समज चुकीचा. विष उतरतं ते आतल्या झडपांच्या हालचालीने, बाहेरच्या दाबाने नाही. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात चिमटीत धरून आणि खरवडून, दोन्ही रीतींनी काटे काढून बघितले. उठलेल्या गांधीच्या आकारात रीतीमुळे फरक पडला नाही. उशिरामुळे पडला, तोही काही सेकंदांच्या. कार्ड किंवा चिमटा आणायला घरात पळू नका. चालता चालता नखाने काढा.

काटा आहे का, हे नीट बघावं. बारीक काळं टोक आणि त्यावर पांढुरकी इवलीशी पिशवी, तीळ ठेवल्यासारखी. आग्या, सातेरी, फुलोरी, सगळ्यांचा काटा असा राहतो. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत असतो. ती काटा ठेवून जात नाही आणि एकटीच चार वेळा डसू शकते. काटा दिसत नसेल तर सुईने उकरत बसू नका, निष्कारण जखम होते आणि मग ती चिघळते.

नंतर अंगठी, बांगडी, घड्याळ, पैंजण, मनगटाचा दोरा, हातापायाला चावलं असेल तर हे सगळं लगेच काढा. सूज पुढच्या काही तासांत चढते आणि मग अंगठी कापावी लागते. जोडव्यांचा सगळ्यांना विसर पडतो, ती कागदावर वेगळी लिहा. साबण आणि वाहत्या पाण्याने जागा धुवा. मग गार शेक. बर्फ किंवा फ्रीजरमधलं मटारचं पाकीट पंचात गुंडाळून १० मिनिटं ठेवायचं, १० मिनिटं काढायचं, असं तीन-चार वेळा. बर्फ उघड्या कातडीला लावून धरला तर तिथेच काळपट चट्टा पडतो. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेला रुमाल दर दोन मिनिटांनी बदलत राहा. घरगुती उपायांत माझा सगळ्यात जास्त भरवसा या गार शेकावर आहे. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी चढते आणि त्या जागेची दुखण्याची जाणीवही बोथट होते.

पत्र्याखाली कुंभारीण माशीची मातीची घरंही दिसतील. ती एकटी राहते आणि सहसा डसत नाही, तिची घरं फोडायला जाऊ नका. कागदी, उघड्या कप्प्यांचं घर गांधीलमाशीचं. सज्जाखालच्या आग्यामोहोळाला मशाल लावू नका. आग्यामाश्या हंगामानुसार स्थलांतर करतात, मोहोळ आपण होऊन उठतं. तोवर त्याखाली धूर, फटाके आणि चेंडूचा खेळ नको. हलवायचंच असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून, तिथे चौकशी करता येईल.

औषधविक्रेता_नारायण_पेठ

आम्ल-अल्कलीचं कोडं आधी सोडवतो, कारण सोसायटीत सगळ्यात ठामपणे सांगितलं जातं ते हेच. मधमाशीचं विष आम्लधर्मी आहे हे खरं, पण दुखतं ते आम्लामुळे नाही. विषात मेलिटिन नावाचं पेप्टाइड आणि फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेशींची आवरणं फोडतात आणि शरीर हिस्टामिन सोडतं, त्यातून आग, सूज आणि खाज. एका डंखातून फार तर मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास विष उतरतं आणि तेही कातडीच्या आत. वर लावलेला सोडा तिथपर्यंत पोचत नाही, पोचला तरी मेलिटिन निष्प्रभ होत नाही. गांधीलमाशीचं विष तर जवळपास उदासीन आहे, तेव्हा व्हिनेगरच्या नियमाला आधारच उरत नाही.

तरीही खायचा सोडा यादीतून काढू नका. त्याच्या ओल्या लेपाने गार वाटतं आणि काहींची खाज कमी होते. ३ चमचे सोडा, १ चमचा पाणी, दाटसर लेप, १० ते १५ मिनिटं, मग धुऊन टाका. दिवसातून दोनदा पुरे. कातडी फाटली असेल तर नको. चूक होते ती डब्यात. पापडखार आणि धुण्याचा सोडा दोन्ही दिसायला तसेच असतात पण फार तीव्र क्षार आहेत, त्यांनी कातडी भाजते. पुडीवर ‘खाण्याचा सोडा’ वाचल्याशिवाय लावू नका.

चुना मात्र नको. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अतितीव्र अल्कली. चावलेल्या जागी तास-दोन तास राहिला की रासायनिक भाजणं होतं, आणि मग त्या भाजलेल्या डागालाच लोक ‘विष उतरलं नाही’ म्हणतात. लहान मूल तोच हात डोळ्याला लावतं, डोळ्यात चुना गेला तर बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं. लसूण ठेचून बांधणंही तसंच, काही तासांत फोड येतात. लिंबाचं दुखणं उशिरा कळतं: रस लावून मूल पुण्याच्या उन्हात गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टे, कधी फोड, आणि पुढे काळे डाग जे आठवडेच्या आठवडे जात नाहीत. ओल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि डंख ही कितीही बारीक असली तरी जखमच आहे.

कांद्याची चकती अपाय करत नाही, गार आणि ओली असते एवढाच तिचा गुण. लोखंडी किल्लीचंही तेच, थंड धातू क्षणभर बरं वाटवतो. गंजकी किल्ली फाटक्या कातडीवर घासू नका. टूथपेस्टमधल्या पुदिन्याने गार वाटतं, पण वाळली की ती कातडी ओढते आणि चुरचुरते. हळद लावायला हरकत नाही, मात्र तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली पसरतेय का ते दिसत नाही. सूज वाढती असेल तर नका लावू. कोरफड चांगली, पण पान कापल्यावर उभं धरून आतला पिवळा चीक १० मिनिटं गळू द्या, नंतर फक्त पारदर्शक गर घ्या. खाज येते ती बहुधा त्या चिकाने.

खाजेला कॅलामाइन लोशन. बाटली जोरात हलवा, गुलाबी पूड तळाला बसलेली असते. न हलवता लावलं तर नुसतं पाणी लावल्यासारखं होतं. दिवसातून ३-४ वेळा, ओलसर वाहत्या जखमेवर नाही. मोठ्या माणसाला खाज फार असेल तर सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) १० मिग्रॅ दिवसातून एकदा, रात्री. झोप येते, घेऊन दुचाकी चालवू नये. मुलांचं प्रमाण वयावर आणि वजनावर, ते डॉक्टरांकडून. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि एक कळकळीची विनंती: घरात पडलेली ‘खाजेची ट्यूब’ लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. डंखाला त्याची गरज नाही आणि चेहऱ्यावर, जांघेत लावली तर कातडी पातळ होते, नायटा असेल तर तो पसरतो.

कर्वेनगर_बी_विंग

फार उपयोग झाला. दोन शंका. दुसऱ्या दिवशी सूज वाढली की लोक ‘पू होतोय’ म्हणून अँटिबायोटिक सुरू करतात, ते बरोबर का? आणि कपाळाला चावलं तर दोन्ही डोळे का सुजतात?

औषधविक्रेता_नारायण_पेठ

दुसऱ्या दिवशीची वाढ बहुतेक वेळा जंतुसंसर्ग नसते. शरीराची प्रतिक्रियाच २४ ते ४८ तास वाढत जाते. काहींची सूज १० सेंमीहून मोठी होते, मनगटाला चावलं तर कोपरापर्यंत चढते, आणि उतरायला ५ ते १० दिवस घेते. गरम लागते, लाल दिसते, खाजते. खाज हीच मुख्य खूण, संसर्गात ठणका जास्त आणि खाज कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, उतरायला लागलेली सूज पुन्हा वाढली, ताप आला, पू दिसला किंवा लाल रेघ वर चढू लागली, तर डॉक्टर. त्याआधी अँटिबायोटिक नको. हात उशीवर उंच ठेवा.

कपाळाची सूज गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि पापण्यांची कातडी सैल असल्याने तिथे साठते. भीतीदायक दिसतं, पण डोळा उघडल्यावर नजर स्वच्छ असेल तर धोका नाही. डोक्याखाली दोन उश्या घेऊन झोपा. खुद्द बुबुळावर किंवा डोळ्याच्या आत डंख असेल तर मात्र घरी काहीही न लावता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

टेकडीची_वाट

मी दवाखान्याच्या मुद्द्यावर लिहितो, कागदावर ही जागा लाल पेनने चौकट करून लिहा.

डंख हाताला आणि लक्षण दुसरीकडेच, हा धोक्याचा इशारा. अंगभर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, छातीत सूं सूं, उलट्या, पोटात कळ, चक्कर, गार घाम. बहुतेक वेळा हे पहिल्या काही मिनिटांत ते अर्ध्या तासात दिसतं. यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन. माणसाला आडवं करा, पाय उंच. धाप लागत असेल तर टेकवून बसवा. चालत जिना चढवू नका, उभं केल्यावर रक्तदाब एकदम पडतो. पाणी, गोळी, लेप, कशातही वेळ घालवू नका. याचं औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनॅलिन. ॲलर्जीची गोळी खाज थांबवते, श्वास वाचवत नाही. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबावं, कारण झटका ओसरून पुन्हा येऊ शकतो. ज्यांना आधी असं झालेलं आहे त्यांची नावं वॉचमनकडे असू द्या.

डंख तोंडात किंवा घशात असेल तर एकही लक्षण नसताना निघायचं. उन्हाळ्यात रसवंतीच्या ग्लासात, सरबताच्या उघड्या बाटलीत माशी असते आणि घोटाबरोबर जाते. बर्फाचा खडा चोखत दवाखान्यात जा.

तिसरं, संख्या. लहान मुलाला १० हून जास्त, मोठ्याला ३० हून जास्त डंख असतील तर ॲलर्जी नसतानाही विषाचा भार होतो. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो आणि हे काही तासांनी दिसतं. लघवी कमी होणं किंवा चहाच्या रंगाची होणं ही त्याची खूण. म्हणून अशा माणसाला ‘आता बरा आहे’ म्हणून घरी ठेवायचं नाही.

आग्यामोहोळ उठलंच तर: चेहरा आणि मान शर्टाने झाका, सरळ पळा, दार बंद होईल अशा खोलीत किंवा गाडीत शिरा. आग्यामाश्या बराच लांब पाठलाग करतात, म्हणून झाडामागे लपून भागत नाही. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. दोन-चार माश्या तुमच्याबरोबर आत आल्या तरी बाहेर पडू नका. त्या उजेडाकडे, खिडकीकडे जातात. सिंहगड-राजगडाच्या कड्यांना मोहोळं असतात, तिथे अत्तर आणि धूर दोन्ही टाळा.

परसबाग_वारजे

घुल्यांचा भाग राहिला. घुला डसत नाही, त्याची कुसळं टोचतात. म्हणून इथे सगळी रीत उलटी: धुण्याआधी कुसळं काढायची आणि चोळायचं अजिबात नाही. चोळलं की कुसळं मोडून आत जातात आणि हाताच्या बोटांवरून मानेला, पापणीला पोचतात. पंचाने पुसणं, घोंगडीने घासणं, दोन्ही नको. घुला काडीने किंवा कागदाने, तो चालतोय त्याच दिशेने उचलून टाका. रुंद चिकटपट्टी जागेवर हलकी दाबा आणि सरकन उपसा. प्रत्येक वेळी नवा तुकडा, ५-६ वेळा. मग धारेखाली साबणाने धुवा, पंख्याखाली वाळू द्या, नंतर कॅलामाइन. कपडे लगेच काढून गरम पाण्यात वेगळे धुवा. दोरीवर शेवग्याखाली वाळत घातलेल्या कपड्यांतूनही कुसळं येतात, त्यामुळे घुला न दिसताच अंग खाजतं. कुसळ डोळ्यात गेलं तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा.

दुसरी एक गोष्ट पावसाळ्यात ट्यूबलाइटवर येते, लोक तिला ॲसिड फ्लाय म्हणतात. माशी नाही, बारीक भुंगेरा आहे: सेंटिमीटरहून लहान, मुंगीसारखा लांबट, अंगावर केशरी आणि काळे पट्टे. तो चावतही नाही, डसतही नाही. चिरडला की त्याच्या अंगातलं पेडरिन कातडीला लागतं आणि फोड दुसऱ्या दिवशी येतात, म्हणून कारण लक्षातच येत नाही. पुढे रेघेसारखी लाल पट्टी उठते, तिला नागीण समजून भलतेच लेप सुरू होतात. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा, हातही धुवा, उशीचा अभ्रा बदला. फोड फोडू नका. गार ओली पट्टी १० मिनिटं, दिवसातून तीनदा. आठ-दहा दिवसांत खपली धरते, डाग थोडे दिवस राहतो. चुना-लिंबू इथे तर मुळीच नको, कातडी आधीच भाजलेली असते.

लाल मुंग्यांबद्दल एवढंच: दुसऱ्या दिवशी येणारी पांढरी पुळी पूसारखी दिसते पण ती विषाची आहे. फोडू नका, फोडल्यावरच ती चिघळते.

कर्वेनगर_बी_विंग

कागदाला दोन बाजू लागणार असं दिसतंय. विंचूही यातच लिहावा का? पावसात ड्रेनेजच्या कडेला निघतो. आणि पेटीत नेमकं काय काय ठेवू?

औषधविक्रेता_नारायण_पेठ

विंचू या कागदावर ‘कुठलाही उपाय नाही, सरळ दवाखाना’ एवढ्याच एका ओळीत लिहा. आपल्याकडच्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं: घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुफ्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून या रुग्णांचे जीव वाचवण्याची वाट दाखवली, आता विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही असतं. पण दोन्ही दवाखान्यातच, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर एक तासही थांबायचं नाही. चिंचोका चिकटवणं, फुंकर घालणं, घट्ट दोरी बांधणं, यात तो तास जातो.

पेटीत: साबणाची वडी, रुंद चिकटपट्टी, बोथट टोकाचा चिमटा, चार स्वच्छ सुती रुमाल, कॅलामाइनची लहान बाटली, पॅरासिटामॉल, सेटिरिझिनची एक पट्टी, भिंग, आणि अंगठी काढायला दोऱ्याचं रीळ. खायचा सोडा आणि बर्फ पेटीत नको, तळमजल्यावरच्या कुठल्या घरात मिळेल त्याचा फ्लॅट नंबर लिहा. चुन्याची डबी कुणी ठेवली तर काढून टाका.

एक अडचण जागेची आहे. औषधांच्या वेष्टनावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं लिहिलेलं असतं आणि पत्र्याच्या केबिनमध्ये मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पेटी लिफ्टच्या पॅसेजमध्ये, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर लावा आणि केबिनमध्ये फक्त किल्ली आणि कागदाची दुसरी प्रत ठेवा. मुदतीच्या तारखा झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिल्या की दर मार्चमध्ये एकदा नजर टाकून भागतं.